कालव्याकाठी बोलायचे शब्द

फिओनाची दारावरची थाप नेहमी अशी असायची, की शेजारच्या घरातला कुत्रासुद्धा उठून बसायचा. त्या दिवशी मात्र दारावर मांजरानं नखं घासावीत तसं काहीतरी वाजलं. हेझल मिज्लीनं चुलीवरची किटली बाजूला केली आणि दार उघडता उघडताच विचारलं, "कुठला हात?"

"उजवा. मनगट," फिओना म्हणाली. "छताला रंग देत होते. शिडी सरकली. जून संपेपर्यंत प्लास्टर."

आणि सफर होती मेच्या अखेरीला.

लीड्सपासून लिव्हरपूलपर्यंत, कालव्याच्या काठाकाठानं, तीन दिवस सायकलवर. पूर्वी घोडे ज्या वाटेनं मालाच्या होड्या ओढत नेत, तीच ही वाट. हेझलनं नाव दिलं होतं त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. टॅक्सी कंपनीत ती फोनवर बसायची, आणि कोणी विमानतळासाठी गाडी मागितली तरी त्याला दोन मिनिटांत सफरीबद्दल ऐकावं लागायचं. सफरीच्या निमित्तानं लोकांकडून जमवलेली सगळी वर्गणी 'हनीसकल'साठी होती. हनीसकल म्हणजे सिल्सडेनच्या धक्क्यावरची गावकीची होडी. म्हाताऱ्यांना, चाकाच्या खुर्चीतल्या मुलांना, ज्यांना एरवी कोणी कुठं नेत नाही अशांना ती कालव्यातून फिरवून आणायची. गेल्या शरदात तिच्या इंजिनानं मान टाकली आणि तेव्हापासून ती नुसती बांधून पडली होती.

हेझलची नजर पस्तिशीत हळूहळू गेली. त्यानंतरची दोन वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. मग नवऱ्यानं, कीथनं, तिला जवळजवळ ढकलतच हनीसकलवर नेलं. तिथल्या नावाड्यानं काही न विचारता सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "जरा डावीकडं. आता सरळ. ठेव तशीच." एवढ्या लांबलचक होडीला आपण वळवतोय, हे तिच्या तळहाताला कळलं, आणि घरी परतताना ती कीथशी अखंड बोलत होती. त्यामुळं हनीसकलचं इंजिन हा तिच्या दृष्टीनं घरातलाच प्रश्न होता.

सायकल दोघांची होती, टँडम. पुढं बसणाऱ्याकडं हँडल, ब्रेक, गिअर आणि डोळे. मागं बसणाऱ्याकडं फक्त पाय आणि घंटी. फिओना शाळेत खेळ शिकवायची, तिचा आवाज खणखणीत, आणि दोघींची जोडी हिवाळाभर छान जमली होती. कीथचा एक गुडघा कायमचा रुसलेला, म्हणून तो पर्याय नव्हता.

"म्हणजे झालं," हेझल म्हणाली आणि खुर्चीत बसली.

"झालं नाही. माझे एक काका आहेत. बर्नार्डकाका. दुधाचा टँकर चालवायचे, आता रिटायर झालेत. रोज सायकलवर असतात, बैलासारखी ताकद आहे." फिओना घुटमळली. "एकच अडचण आहे. ते बोलत नाहीत. तोंडातून ब्र काढत नाहीत."

"मुके आहेत?"

"छे. अस्सल यॉर्कशरचे आहेत. इथली जुनी माणसं शब्दसुद्धा जपून खर्चतात."

हेझलला हसू आलं आणि तिनं त्यातच होकार देऊन टाकला.

शनिवारी बर्नार्ड आला. त्याच्या पावलांवरून माणूस भलताच उंच असावा असं हेझलला वाटलं. अंगाला पुदिन्याच्या गोळ्यांचा आणि ग्रीसचा वास. त्यानं हात मिळवला तर तिचा पंजा त्यात हरवूनच गेला.

"तुम्ही बर्नार्ड ना?"

"हं."

"मी हेझल. हा कीथ. तुम्ही टँडम चालवलीय कधी?"

"नाही."

कीथ गावातला न्हावी. समोरचा माणूस गप्प बसला की त्याला चैन पडत नसे. त्यानं हवा, फुटबॉल, रस्त्यावरचे खड्डे, सगळे विषय एकामागोमाग पुढं केले. बर्नार्डनं तेवढ्या वेळात शेडमधली सायकल बाहेर काढली, चेन पुसली, दोन्ही चाकांत हवा भरली आणि सीटवर हात आपटून हेझलला बसायची खूण केली. ती खूण तिला ऐकू आली, हे त्यातल्या त्यात बरं.

"हे बघा," ती बसता बसता म्हणाली, "पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला सांगायचं. ब्रेक मारणार असाल तर आधी. वळणार असाल तर आधी. नाहीतर मी मागं बटाट्याच्या पोत्यासारखी."

"हं."

सायकल निघाली आणि हेझलच्या अंगावर काटा आला. फिओनाबरोबर ती जोर लावायची, इथं तिला जोराबरोबर धावावं लागत होतं. खडी चाकांखालून तडतडत उडत होती, उजवीकडून पाण्याचा गारवा, डावीकडून ओल्या मेंढ्यांचा वास. किल्डविकच्या दिशेनं जाताना तिला वाटलं, हा माणूस असाच चालवत राहिला तर दोन दिवसांतच लिव्हरपूल. तेवढ्यात काही न सांगता सायकल गच्चकन थांबली आणि तिचं नाक त्याच्या पाठीवर आदळलं.

"काय झालं?"

नाक चोळत तिनं पुन्हा विचारलं.

"मासे धरणारा," बर्नार्ड बऱ्याच वेळानं म्हणाला. "काठी आडवी."

"अहो बाई," समोरून एक म्हातारा आवाज आला, "सायकल दोघांची आणि तोंड एकाचंच का?"

"त्यांचं आहे, पण घरी ठेवून आलेत," हेझल म्हणाली. म्हाताऱ्यानं हसत काठी ओढून घेतली. बर्नार्डच्या पाठीत कसलीही हालचाल झाली नाही.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. पाय जुळले, श्वास जुळले, चढावर दोघं एकाच वेळी सीटवरून उठायला लागले. बोलणं मात्र जुळेना. बर्नार्ड कधी 'डावं' म्हणायचा, कधी 'उजवं', आणि बाकी सगळं हेझलच्या हाडांना परस्पर कळायचं. कीथनं वैतागून त्याला एक अख्खी दुपार आपल्या सलूनमध्ये बसवून घेतलं, बोलणं कसं करतात ते ऐकायला. संध्याकाळी घरी आल्यावर तो हेझलला म्हणाला, "सुधारणा आहे. एका गिऱ्हाइकाला ते 'हवा चांगली आहे' म्हणाले."

"मग?"

"पाऊस पडत होता."

पण हेझलचा उत्साह काही केल्या ओसरत नव्हता. ती पहाटेच उठून व्यायामाच्या सायकलीवर पाय मारायची, ओट आणि गुळाच्या पाकाच्या वड्या भाजून कीथला चाखायला लावायची, आणि पाकानं त्याचे दात चिकटले की म्हणायची, छान, वाटेत टिकतील.

आणि मग ते ब्रॅडलीच्या अलीकडं पाण्यात पडले.

वाट पुलाखाली वळत होती. हेझलला पुलाचा घुमारा ऐकू आला, तिनं मान खाली घातली. पुढं बर्नार्डचं अंग एकदम ताठ झालं, आणि त्याच्या तोंडून फक्त एक "ब्..." निघाला, बाटलीचं बूच निघता निघता अडकावं तसा. मग ब्रेक, मग चाकाला कसला तरी हिसका, आणि मग पाणी.

ते इतकं गार होतं की तिला ओरडताही येईना. वर कुठं आणि खाली कुठं, काही कळेना. पायाखाली चिखल, तोंडात शेवाळ. तेवढ्यात जाकिटाच्या कॉलरला एक पंजा लागला आणि ती उभी राहिली.

"मी आहे. मी आहे, पोरी. नीट उभी राहा. कंबरेएवढंच आहे. लागलं का? डोकं? हात हलव. दुसरा हलव. मी धरलंय, सोडत नाही." इतकं सगळं एका दमात.

हेझल चाचपडून पाहत होती. सगळं जागेवर होतं. डोक्यावरून शेवाळाची झालर काढता काढता तिला हसू फुटलं, आणि ते थांबेना. एवढ्या दिवसांत ऐकले नव्हते तितके शब्द तिनं आत्ता कालव्यात उभं राहून ऐकले होते. पण बर्नार्ड हसला नाही. वाटेवर एका होडीचा बांधलेला दोर आडवा ताणला गेला होता, एवढंच त्यानं सांगितलं. सायकल वर ओढली, तिला घरापर्यंत पोचवलं, आणि कीथनं पुढं केलेला चहाही न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी फिओनाचा फोन आला. "काका म्हणतात, दुसरं कोणी बघा."

"आता? आठवडा राहिला असताना?"

"मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि स्वतः शेडमध्ये गेले."

हेझलनं पांढरी काठी उचलली, कोननलीची बस पकडली आणि ड्रायव्हरला बर्नार्डच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवायला सांगितलं. फाटक कुरकुरलं. काचघराचं दार उघडं असावं, कारण टोमॅटोच्या पानांचा तिखट वास अंगावर आला.

"तुम्ही इथंच आहात, मला माहितीय," ती म्हणाली. "पुदिन्याचा वास येतोय."

एक बादली उपडी ठेवल्याचा आवाज झाला. "बस," असं कोणी म्हणालं नाही, पण तिचा हात धरून तिला त्या बादलीवर बसवण्यात आलं.

"पाण्यात पडल्याचं मला काही नाही. अंघोळीचा खर्च वाचला. पण तुम्ही का सोडताय ते मला तोंडानं सांगा."

टोमॅटोची पानं छाटणारी कात्री चालत होती. मग ती थांबली.

"मला दिसलं होतं," बर्नार्ड म्हणाला. "दोर. वेळेत दिसला होता. सांगायला गेलो तर शब्द आला नाही." तो थांबत थांबत बोलत होता, प्रत्येक शब्दावर आधी पाय टाकून बघावा तसा. "लहानपणापासून आहे. शाळेत हजेरीला नाव सांगायला उभा राहायचो. माझं नाव निघेपर्यंत पोरं हसून हसून दमायची. मग मान हलवायला शिकलो. टँकर मिळाला आणि सुटलो. गाईंना काही सांगावं लागत नाही."

हेझलला एकदम आठवली ती पहिली भेट, ते नुसतं 'हं'. तिला त्याची कीव आली असती, पण तिचं डोकं दुसरीकडंच धावत होतं.

"सगळे शब्द अडतात?"

"नाही. एकच अक्षर. पहिलं. माझ्या नावातलं."

"ब?"

"तेच."

"म्हणजे ब्रेक," हेझल म्हणाली. "बंप. बेंड. बोट. ब्रिज. बॅरियर." ती थांबली. "अहो, ह्या कालव्यावर त्याच्याशिवाय दुसरं काही आहे तरी का?"

"मासे," बर्नार्ड म्हणाला.

आणि हसणं कसं सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याचं हसू थंडीत पडून राहिलेल्या इंजिनासारखं होतं, आधी दोनदा खोकलं आणि मग सुरू झालं.

"मग ते शब्द आपल्याला नकोतच," हेझल बादली पुढं सरकवत म्हणाली. "कोणी सक्ती केलीय? मला कळलं म्हणजे झालं. ब्रेकला काय म्हणाल? घोड्यांना थांबवायला काय म्हणायचे?"

"होऽ."

"'होऽ' म्हणजे ब्रेक. वाटेतला उंचवटा?"

बर्नार्डनं विचार केला. "उचकी."

"उचकी. छान. खालून जायचा पूल, जिथं मान वाकवायची?"

"मान कोणापुढं वाकवतात?"

"राणीपुढं."

"मग राणीसाहेब," बर्नार्ड म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हेझलला पहिल्यांदाच खोडकरपणा ऐकू आला. वाटेवरच्या लोखंडी अडसराला, जिथं उतरून सायकल तिरकी करून काढावी लागायची, टोलनाका ठरला. होडीला पाहुणा, दोराला दोरच. मासे धरणाऱ्यांचं नाव त्यानं स्वतःहून सुचवलं. "सासरे. गप्प असतात, आणि कोणी जवळ गेलं की कपाळाला आठ्या. आमचे असेच होते."

टोमॅटोच्या रोपांमध्ये बसून त्यांनी अख्खा कालवा नव्यानं बारशाला बसवला. निघताना हेझल म्हणाली, "उद्या सकाळी?" आणि बर्नार्ड म्हणाला, "आत्ता का नको?" बसऐवजी त्यानं तिला आपल्या जुन्या गाडीतून घरी आणलं आणि ऊन उतरायच्या आत ते दोघं वाटेवर होते.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. उचकीच्या जागी बर्नार्ड राणीसाहेब म्हणाला, हेझलनं मान खाली घातली आणि उचकी नेमकी बसली तिच्या बैठकीला. एका सासऱ्याला त्यानं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सासरा म्हटलं. तो बिचारा मागं वळून बघतच राहिला. पण दुसऱ्या दिवशी शब्द आपापल्या जागी बसले, आणि तिसऱ्या दिवशी हेझलच्या लक्षात आलं की ती आता वाट ऐकतच नाहीये, ती फक्त जोर लावतेय. कित्येक दिवस घट्ट आवळलेले खांदे सैल पडले होते. वेग वाढला. वारा कानांत शिरायला लागला.

एकदा जीभ सुटल्यावर बर्नार्ड नुसत्या खाणाखुणांवर थांबेना. "राणीसाहेब. झालं, वर घे मान. डावीकडं शेत. त्यात कोकरं आहेत. एक काळं आहे, त्याचं इतरांशी पटत नसावं."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "तुला रंग आठवतात का, पोरी?"

"आठवतात की. पण वापरात नाहीत. माळ्यावरच्या भांड्यांसारखे."

त्यानं दोनदा पाय मारले. मग म्हणाला, "पुढं पाहुणा आहे. पिकलेल्या आलुबुखारासारखा लाल. दाराला पिवळी चौकट, नवीन लावलेली. छपरावर फुलांच्या कुंड्या आणि एक कुत्रा. कुत्रा तपकिरी. नाही, खोटं कशाला सांगू, कुत्रा नुसता मळलेला आहे."

पाय मारता मारता हेझलनं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. लाल. पिवळं. मळलेलं. तिला सायकल थांबवून ते सगळं पुन्हा ऐकावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी अजून जोरात जावंसंही वाटत होतं. तिनं जोरातच जायचं ठरवलं.

निघण्याआधीची शेवटची परीक्षा बिंगलीची. तिथं पाच लॉक, म्हणजे पाणी अडवून होडी वर उचलणारे हौद, एकावर एक रचल्यासारखे आहेत, होड्या पाण्याच्या जिन्यानं चढतात, आणि शेजारून वाट अशी उभी जाते की भले भले उतरून सायकल ढकलतात. वर कीथ चहाचा थर्मास आणि बेकन घातलेले पाव घेऊन उभा होता, शेजारी प्लास्टरवाली फिओना.

"ढकलायची का?" बर्नार्डनं खालून विचारलं.

"तुम्हाला ढकलायचीय?"

"नाही."

"मग मला काय विचारता?"

पाण्याचा आवाज दोन्ही कानांवर आदळत होता. बर्नार्ड ओरडत होता, "उचकी, उचकी, सगळ्या उचक्याच आहेत, थांबू नको," आणि हेझलच्या मांड्यांत आग पेटली होती. वरून फिओना आपल्या शाळेतल्या आवाजात दोघांना शिव्या आणि शाबासकी एकत्रच देत होती. अर्ध्यात चाक दगडावर घसरलं. बर्नार्ड म्हणाला, "ऊठ," दोघं एकदम सीटवरून उठले, आणि चाकानं पुन्हा जमीन धरली. वर पोचल्यावर हेझलला बोलता येत नव्हतं. कीथनं तिच्या हातात पाव ठेवला आणि म्हणाला, "आज उलटंच झालं. ही गप्प आणि हे बोलतायत."

खरंच बर्नार्ड एका अनोळखी बाईला चढ कसा होता ते पहिल्यापासून सांगत होता. मध्येच कुठं तरी त्याचा एक शब्द अडला, ती बाई थांबली, शब्द निघाला, आणि तो पुढं चालू झाला.

सफर पुढं कशी झाली ते सिल्सडेनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पावसानं झोडपलं, विगनपाशी एक चाक गेलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लिव्हरपूलच्या गोदीत पोचले तेव्हा हेझलला पायऱ्या चढवत नव्हत्या. हनीसकलला त्याच उन्हाळ्यात इंजिन बसलं. पण हेझलला कोणी विचारलं, तर ती पहिल्या सकाळबद्दलच बोलते.

लीड्समध्ये कालव्याच्या धक्क्यावर सकाळी ही गर्दी. सायकलींच्या चेन, घंट्या, कुणाचं तरी तेल सांडलेलं, कुणी टोपी विसरलेलं. कॉफीचा वास, ओल्या दगडांचा वास. कीथ तिसऱ्यांदा तिच्या हेल्मेटचा पट्टा तपासत होता.

"कीथ, अजून एकदा ओढलास तर मी इथंच गुदमरेन."

"जेवणाच्या वेळी सॉल्टेअरला असेन मी. पाव घेऊन."

"जास्तीचे आण. बर्नार्डना दोन लागतात."

"तीन," पुढून आवाज आला.

कर्णा वाजला आणि रांग हलली. सुरुवातीला सगळे एकमेकांत अडकून मुंगीच्या पावलांनी चालले होते. हेझलला ते सहन होईना. पहिला पूल गेला, दुसरा गेला, मग वाट रुंद झाली आणि शहराचा आवाज मागं पडला.

"पुढं कोण आहे?" तिनं विचारलं.

"सहाजण. एकसारखे निळे सदरे. ऑफिसातले असावेत. सायकली महागाच्या."

"दमलेत?"

बर्नार्डनं नीट बघून घेतलं. "शेवटचे दोघं आत्ताच पाणी प्यायला लागलेत."

"जागा आहे?"

"डावीकडून. पाण्याकडून नाही, घाबरू नको."

"मी कुठं घाबरले? मी विचारतेय, जायचं का."

"मग घंटी वाजव की," बर्नार्ड म्हणाला, आणि दोघं एकदमच सीटवरून उठले.